वाट किती दिवस बंद?

आज आपण लष्कराच्या सरावासाठी बंद होणाऱ्या वाटांचा इतिहास ऐकूया. आपल्या रिसोड भागात अशी जागा नाही. पण कामासाठी नगर-पुण्याकडे जाणारी कुटुंबे आपल्याही गावांत आहेत. आणि सरकारी नोटीस समजून घेणे तर सगळ्यांच्याच कामाचे आहे.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, खारेकर्जुने गावाजवळ के. के. रेंज आहे. तिथे रणगाड्यांच्या गोळीबाराचा सराव होतो. फौजेला सराव लागतोच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण शेळ्या चारायची, सरपण आणायची वाट बंद झाली की फेरा बाईचाच वाढतो. त्या भागात भंगार म्हणून गोळ्यांचे तुकडे वेचताना माणसे जीवानिशी गेली आहेत. म्हणून असा गोळा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

अशा सरावासाठी इंग्रजांनी १९३८ मध्ये केलेला कायदा आजही चालू आहे. त्यानुसार सरकारला क्षेत्र आणि मुदत जाहीर करावी लागते. सरावाआधी गावात दवंडी द्यायची, गावच्या भाषेत नोटीस लावायची. माणसाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, हक्कांत अडथळा आला, तर भरपाईचीही तरतूद आहे.

यातला ‘मुदत’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या समुद्रकिनारी टाइनहॅम नावाचे गाव होते. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सरावासाठी ते रिकामे केले. सुमारे सव्वादोनशे माणसे घरे सोडून गेली. युद्ध संपले, पण गाव परत मिळाले नाही. आज तिथली किनाऱ्याची पायवाट सराव नसेल तेव्हाच, बहुधा शनिवार-रविवारी, उघडते. लोक त्या वाटेने पडक्या घरांपर्यंत फिरायला जातात.

आपल्याच देशात, झारखंडच्या नेतरहाटमध्ये, वेगळे घडले. तिथे याच कायद्याखाली २४५ गावांचे क्षेत्र जाहीर झाले होते. मार्च १९९४ मध्ये सरावाला आलेल्या फौजेच्या गाड्या आदिवासींनी वाटेतच अडवल्या. बाया पुढे होत्या. गाड्या परत गेल्या, पण कागदावरची मुदत वाढतच राहिली. ती मे २०२२ मध्ये संपणार होती. त्याआधी एप्रिलमध्ये गावकरी टुटुवापानीहून रांचीच्या राजभवनापर्यंत पायी गेले. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने मुदत न वाढवण्याचा निर्णय जाहीर केला.

नेतरहाटच्या लोकांनी तीस वर्षे त्या तारखेवर नजर ठेवली, म्हणून वेळेवर निघता आले. तेव्हा बायांनो, वाट, गायरान किंवा पाणवठा बंद करणारी कोणतीही नोटीस गावात लागली, तर ती बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. कधीपासून, कधीपर्यंत आणि भरपाई कोणाकडे मागायची, हे तिघी-चौघींनी मिळून ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले की तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा.