‘अफवा’ आणि ‘ध चा मा’

‘अफवा’ हा शब्द मुळात अरबी, ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन. तोंडे अनेक, म्हणून बोलणारा सापडत नाही. (मराठीने मात्र तिला एकवचनी स्त्रीलिंगी करून टाकले!) ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. लोकमुखाने ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याचा आळ घातला तो आनंदीबाईंवर. त्यातूनच ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. आमच्या मते तो खुनाचा पुरावा नव्हे, अफवेचा आहे. आमच्या नाशकातील गोदाकाठची आनंदवल्ली आनंदीबाईंच्याच नावाची. पण वर्गात विचारावे, तर विद्यार्थ्यांना आधी आठवतो तो ‘ध चा मा’च.