पेरोव्हस्काइट लोहविद्युत् पदार्थ
बाह्य विद्युत् क्षेत्राशिवाय ज्यांचे ध्रुवण टिकते व विरुद्ध क्षेत्र लावून ते उलटविता येते, अशा स्फटिकी पदार्थांस लोहविद्युत् म्हणतात. नाव लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यावरून पडले. बहुतेकांत लोह नसतेच. जोसेफ व्हॅलासेक यांना १९२० मध्ये हा गुण रोशेल लवणात आढळला, पण ते पाण्यात विरघळणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया व जपान येथे तो बेरियम टिटॅनेटात स्वतंत्रपणे आढळला. सु. १२०° से.खाली त्यातील टिटॅनियम आयन ऑक्सिजनांच्या अष्टफलकाच्या केंद्रापासून किंचित सरकतो व ध्रुवण उत्पन्न होते.

असे सरकणे सामान्यतः रिक्त डी-कक्षेस अनुकूल असते. चुंबकत्वास मात्र त्याच कक्षेत अयुग्मित इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून दोन्ही गुण एका स्फटिकात क्वचितच नांदतात. बिस्मथ फेराइट हा प्रसिद्ध अपवाद होय.

दुसरी वाट संमिश्रांची. नेदर्लंड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास बेरियम टिटॅनेट व कोबाल्ट फेराइट यांचे संमिश्र तयार झाले. चुंबकीय क्षेत्रात फेराइटाचा आकार बदलतो, तो ताण टिटॅनेटास मिळतो व दाबविद्युत् परिणामाने विद्युत् दाब निर्माण होतो. एकट्या घटकात नसलेला गुण जोडीत येतो. सातारा व सांगली जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) पुढे अशा संमिश्रांवर पुष्कळ संशोधन झाले. चूर्णे मिसळून, दाबून व भट्टीत तापवून वड्या करण्याची ही रीत एकस्फटिक वाढविण्यापेक्षा सोपी व स्वस्त आहे. मात्र फेराइटाचे प्रमाण वाढले की, त्याच्या संवाहकतेमुळे विद्युत् भार गळतो व वडीचे ध्रुवण करणेच कठीण होते.