नोटरीच्या नेमणुका : राजपत्रातल्या याद्या आपण वाचायला हव्यात

जातीचा दाखला असो, नावातला बदल असो की शिक्षणातला खंड, अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि आपण नोटरीच्या टेबलापुढे उभे राहतो. त्या गोल शिक्क्याला अधिकार कुठून येतो, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

इंग्रज राजवटीत १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टखाली सरकार राजपत्रात अधिसूचना काढून नोटरी नेमू शकत असे. पण त्यांचे काम हुंडी, वचनचिठ्ठी अशा कागदांपुरते होते. बाकी कामांचे नोटरी लंडनचे 'मास्टर ऑफ द फॅकल्टीज' नेमत. हे पद कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतले. म्हणजे भारतातला कागद प्रमाणित करण्याचा अधिकार विलायतेतल्या धर्मपीठाशी बांधलेला होता. स्वतंत्र भारताने ही व्यवस्था संपवली. नोटरी अधिनियम १९५२ साली झाला आणि १४ फेब्रुवारी १९५६ पासून लागू झाला.

या कायद्याने नेमणूक केंद्र व राज्य सरकारांकडे आली. कलम ४ नुसार प्रत्येक सरकारने नोटरींची नोंदवही ठेवायची. तीत पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, पात्रता आणि नोंदणीची तारीख असते. कलम ६ नुसार दरवर्षी जानेवारीत, काम करत असलेल्या नोटरींची यादी राजपत्रात छापायची. म्हणून जुन्या राजपत्रांवरून कोणत्या वर्षी कोण नोटरी होते, हे तपासता येते. जमिनीच्या किंवा वारसाच्या वादात जुन्या कागदावरच्या शिक्क्याची शंका आली, तर ही यादी उपयोगी पडते.

आता आपल्या हिताचा मुद्दा. नोटरी होण्यासाठी वकिलाला साधारणपणे १० वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांसाठी ही अट ७ वर्षांची आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे ही सवलत आपल्या वकिलांचीही आहे.

पण कलम ४ ने नोंदवहीसाठी सांगितलेल्या तपशिलांत प्रवर्गाचा उल्लेख नाही. सवलतीचा लाभ किती जणांनी घेतला, हे यादीवरून कळत नाही. आडनावांवरून अंदाज बांधणे चुकीचे आणि आपल्याला न शोभणारे. ७ वर्षांच्या अटीवर किती अर्ज आले आणि किती नेमणुका झाल्या, एवढी आकडेवारी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे मागता येते. कोणाचीही खासगी माहिती मागण्याची गरज नाही.

आपल्या वस्तीतल्या तरुण वकिलांना ही अट सांगा. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याची यादी काढून वाचावी. सवलत नियमात आहे, ती नेमणुकीत उतरते की नाही हे पाहणे आपले काम आहे.