चित्तविक्षेप आणि योगसाधना : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मनाची चंचलता ही आधुनिक जीवनाची देणगी आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. योगपरंपरेचा इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही. प्रस्तुत लेखात पातंजल योगसूत्रे, ज्ञानेश्वरी आणि स्वामी कुवलयानंदांचे कार्य या तीन टप्प्यांच्या आधारे चित्तविक्षेपाच्या विचारात कोणते स्थित्यंतर घडले, याचा शोध घेतला आहे.

पातंजल मांडणी

योगसूत्रांचा काळ विवाद्य असला, तरी ती इ.स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास सिद्ध झाली, असे मत काही अभ्यासक मांडतात. समाधिपादाच्या ३० व्या सूत्रात नऊ अंतराय सांगितले आहेत : व्याधी, स्त्यान (चित्ताची जडता), संशय, प्रमाद, आलस्य, अविरती (विषयांची ओढ), भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व (साधनेची पायरी न गाठणे) आणि अनवस्थितत्व (गाठलेली पायरी न टिकणे). या यादीचा आरंभ व्याधीने होतो, ही बाब लक्षणीय आहे. पुढील सूत्रात दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वास हे विक्षेपाचे चार सहचर येतात. म्हणजेच शरीर आणि मन यांत येथे भिंत नाही. उपायही एकच नाही. एकतत्त्वाचा अभ्यास, मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षा या भावना आणि श्वासाचे नियमन हे क्रमाने ३२ ते ३४ या सूत्रांत येतात. इतरांशी असलेले आपले नाते हाही मनःस्थैर्याचा भाग आहे, हे त्यातून सूचित होते.

ज्ञानेश्वरीतील वळण

शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने हा विचार मराठीत आणला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो. त्यावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला जातो. त्याचे विवरण करताना ज्ञानेश्वर मनाच्या एका गुणाकडे लक्ष वेधतात : ज्या गोष्टीची गोडी लागते, तिलाच मन सोकावते. म्हणून त्याला आत्मानुभवाची गोडी लावावी. ज्या सवयीमुळे मन भरकटते, तीच सवय येथे साधन ठरते.

प्रयोगशाळेतील योग

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व दाबमापन यांच्या साहाय्याने त्यांनी यौगिक क्रियांचे परीक्षण केले. योगाला गूढतेतून बाहेर काढून विद्यापीठीय चर्चेत स्थान मिळवून देण्यात या कार्याचा वाटा मोठा आहे. तथापि उपकरणांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. श्वास आणि अंगकंप मोजता येतात. संशय आणि अविरती तशा मोजता येत नाहीत.

समारोप

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला. त्यामुळे महाविद्यालयांतून योगाचा प्रसार झाला. परंतु जे मोजता येते व दाखवता येते, तेवढाच योग शिकवला गेल्यास नऊ अंतरायांपैकी बहुतेक अस्पर्शित राहतील. विद्यार्थ्याचा संशय, त्याची विषयांकडील ओढ आणि सहाध्यायांविषयीची असूया यांचा विचार एका दिवसाच्या आसनांनी होणार नाही. परंपरेने सांगितलेला अभ्यास दीर्घकालीन व अखंड आहे. अध्यापनाचे स्वरूपही तसेच असल्याने ही जबाबदारी प्रथम अध्यापकांकडे येते.