एका मिनिटातून नऊ सेकंदांत: नॅस्कारच्या पिट स्टॉपची गोष्ट

‘कार्स’ हा पिक्चर तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला असेल. २००६ चा. त्यात गुइडो नावाची एक पिटुकली इटालियन फोर्कलिफ्ट आहे. शेवटच्या शर्यतीत तो एकटा चारही चाकं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बदलतो आणि बाजूचा तगडा पिट क्रू आ वासून बघत राहतो. थिएटरमध्ये शिट्ट्या वाजाव्यात असा सीन. त्या पिक्चरमधली ‘पिस्टन कप’ ही शर्यत ज्यावरून घेतलीय ती म्हणजे अमेरिकेची नॅस्कार, आणि आजची गोष्ट तिथल्याच खऱ्या गुइडोंची आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. नॅस्कार १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ‘स्टॉक कार’ म्हणजे शोरूममधून निघते तशी गाडी. १९४९ मध्ये शार्लटला या मालिकेची पहिली शर्यत झाली तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. आज आत सांगाडा वेगळा, इंजिन वेगळं, फक्त चेहरा ओळखीच्या गाडीचा. शर्यती लांबलचक असतात, ५०० मैलांच्या, ६०० मैलांच्या. म्हणजे मध्ये थांबून इंधन भरणं आणि टायर बदलणं आलंच.

आता तुमच्यातले फॉर्म्युला वनवाले लगेच म्हणतील, आमच्याकडे दोन सेकंदांत होतं की! बरोबर आहे. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने लँडो नॉरिसची चाकं १.८० सेकंदांत बदलली. पण तिथे गाडीभोवती वीसेक माणसं असतात, प्रत्येक चाकाला तिघं, आणि २०१० पासून शर्यतीत इंधन भरायलाच बंदी आहे. नॅस्कारमध्ये भिंतीवरून उडी मारून गाडीपाशी जातात फक्त पाच जण. जॅक एकच, तोही हाताने दाबायचा. आधी उजवी बाजू उचलायची, दोन चाकं बदलायची, मग तोच जॅक घेऊन धावत डावीकडे. आणि हे चालू असताना मागे एक जण साधारण चाळीस किलोचा इंधनाचा कॅन खांद्यावर घेऊन उभा. त्यामुळे ही तुलना मला कधी पटली नाही. क्रिकेट आणि कबड्डीची तुलना करण्यासारखं आहे ते.

तर, सुरुवातीच्या काळात पिट स्टॉप कसा असायचा? आपल्या हायवेवर गाडी पंक्चर झाल्यावर आपण जे करतो, तेच जरा घाईत. साधा गॅरेजचा जॅक, हाताने फिरवायचा चार तोंडांचा पाना, एकेक नट सोडवायचा, स्टेपनी लावल्यासारखं चाक लावायचं. एक मिनिट सहज जायचं, जास्तही जायचं. ड्रायव्हर पाणी प्यायचा, कोणी काच पुसायचं. त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं, कारण गाडी थांबली की शर्यतही थांबली असंच सगळे धरून चालायचे.

हे धरून चालणं ज्यांनी मोडलं ते दोघे भाऊ, ग्लेन आणि लिओनार्ड वूड. व्हर्जिनियातलं स्टुअर्ट नावाचं छोटं गाव. ग्लेन लाकूडकटाईचं काम करायचा, लिओनार्डचं डोकं यंत्रात. १९५० मध्ये त्यांनी आपला संघ काढला. ‘वूड ब्रदर्स’ आजही शर्यतीत उतरतात. त्यांच्या लक्षात आलं ते ऐकायला इतकं साधं आहे की हसू येतं: ट्रॅकवर एक सेकंद कमवायला इंजिनावर महिनोन्‌महिने घालवावे लागतात, आणि पिटमध्ये दहा-वीस सेकंद फुकट सांडलेले आहेत. मग त्यांनी सराव सुरू केला. कोणी कुठून धावायचं, पाना कोणत्या हातात, कोण कोणाच्या आड येणार नाही. लिओनार्डने जॅकवर काम करून तो हलका केला आणि कमी दाबांत गाडी वर जाईल असा बनवला. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचे थांबे पंचवीस सेकंदांच्या आसपास आले होते.

मधेच एक किस्सा सांगतो, कारण तो सोडवत नाही. १९६३ ची डेटोना ५००. वूड ब्रदर्सचा नेहमीचा ड्रायव्हर मार्विन पँच शर्यतीच्या काही दिवस आधी दुसरी गाडी चालवताना जळत्या गाडीत अडकला. त्याला बाहेर ओढणाऱ्यांत टायनी लंड नावाचा धिप्पाड गडी होता. मग पँचच्या जागी लंडलाच गाडी दिली. वूड मंडळींनी ठरवलं, थांबायचं ते फक्त इंधनासाठी, टायरला हातच लावायचा नाही. पूर्ण ५०० मैल एकाच सेटवर! लंड जिंकला. सगळ्यात वेगवान पिट स्टॉप म्हणजे टाळलेला पिट स्टॉप, हेही त्यांनाच आधी सुचलं.

पण जगाने त्यांना पाहिलं ते १९६५ मध्ये, आणि तेही दुसऱ्यांच्या अंगणात. इंडियानापोलिस ५०० ही स्टॉक कारची शर्यत नाही, तिथे चाकं उघडी असलेल्या गाड्या धावतात. १९६४ मध्ये तिथे भयंकर आग लागून एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डॉनल्ड हे दोन ड्रायव्हर गेले. त्यानंतर नियम आला की दाब देऊन इंधन भरायचं नाही, टाकी उंचावर ठेवायची आणि इंधन आपोआप खाली येऊ द्यायचं. म्हणजे भरायला वेळ लागणार. फोर्ड कंपनीने आपलं इंजिन असलेल्या लोटससाठी वूड ब्रदर्सना बोलावलं. ड्रायव्हर होता स्कॉटलंडचा जिम क्लार्क. वूड मंडळींनी काय केलं? इंधनाच्या टाकीपासून नळीपर्यंतचा रस्ता तपासला आणि जिथे आत खडबडीतपणामुळे प्रवाह अडत होता, तिथे घासून गुळगुळीत केलं. नियम एकही मोडला नाही. क्लार्कचा पहिला थांबा वीस सेकंदांच्या आत आटोपला, दोन्ही थांबे मिळून पाऊण मिनिटही झालं नाही. २०० पैकी १९० फेऱ्यांमध्ये क्लार्क पुढे होता आणि तो जिंकला. इंजिन मागे असलेल्या गाडीचा तिथला तो पहिला विजय, म्हणून इतिहासात ती शर्यत इंजिनासाठी प्रसिद्ध आहे. मला विचाराल तर निम्मं श्रेय नळी घासणाऱ्यांना द्यायला हवं.

पुढची वीसेक वर्षं मी पटकन पुढे नेतो. हवेवर चालणाऱ्या गन सगळ्यांकडे आल्या. नट आधीच चाकावर गोंदाने चिकटवून ठेवायची युक्ती रूढ झाली, म्हणजे चाक खुंट्यांवर बसवलं की गनने पाच ‘टर्र टर्र’ आणि काम संपलं. वेळ वीस सेकंदांच्या खाली सरकत गेली.

इथे एक प्रश्न येईल की सेकंदाचा एवढा जीव का काढायचा? हिशेब करून बघा. डेटोनासारख्या ट्रॅकवर गाडी ताशी २९० किलोमीटरने धावते. म्हणजे एका सेकंदात ८० मीटर, पंधरा-सोळा गाड्यांची रांग होईल एवढं अंतर. त्यातही, अपघात झाला की पिवळा झेंडा येतो, सगळ्या गाड्या एकत्र पिटमध्ये शिरतात आणि ज्या क्रमाने बाहेर पडतात त्याच क्रमाने पुन्हा शर्यत सुरू होते. तिथे अर्धा सेकंद उशीर म्हणजे चार-पाच गाड्यांच्या मागे. ट्रॅकवर त्या चार गाड्या ओलांडायला तासभर लागू शकतो.

आणि याच घाईची किंमत एका माणसाने मोजली. १८ नोव्हेंबर १९९०, अटलांटा, मोसमातली शेवटची शर्यत. त्या काळी पिट रोडवर वेगमर्यादाच नव्हती. किती जोरात आत यायचं हे ड्रायव्हरच्या हिमतीवर. रिकी रडची गाडी आत येताना घसरून फिरली आणि बिल एलियटच्या उभ्या गाडीवर आदळली. एलियटच्या गाडीचं मागचं उजवं चाक बदलत असलेला माईक रिच दोन गाड्यांमध्ये सापडला. तो वाचला नाही. १९९१ च्या मोसमात पिट रोडवर वेगमर्यादा आली. पिवळ्या झेंड्याखाली टायर बदलायलाही सुरुवातीला बंदी घातली होती, ती काही आठवड्यांतच मागे घ्यावी लागली. वेगमर्यादा मात्र कायमची राहिली. गंमत म्हणजे या गाड्यांमध्ये स्पीडोमीटर नसतो. ड्रायव्हर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बघून अंदाज घेतो. जरा चुकला की दंड.

हेल्मेट? ते पिट क्रूला सक्तीचं झालं २००२ मध्ये. माईक रिचनंतर अकरा वर्षं लोक टोपी घालून धावत्या गाड्यांसमोर उड्या मारत होते. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुढे वाचूच शकलो नाही.

नव्वदच्या दशकात खरी उलथापालथ झाली ती माणसांची. तोपर्यंत पिट क्रू म्हणजे कोण, तर आठवडाभर वर्कशॉपमध्ये गाडी बांधणारे मेकॅनिक. रविवारी तेच शर्ट बदलून चाकं बदलायचे. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचे गुडघे दुखतायत. जेफ गॉर्डनच्या संघाचा क्रू चीफ रे एव्हरनहॅम याला वाटलं, हे काम खेळाडूचं आहे. १९९२ च्या सुमारास त्याच्या संघात अँडी पापाथानासिउ आला, स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला. व्यायाम, ठरलेला सराव, व्हिडिओ लावून प्रत्येक हालचाल तपासणं, सगळं त्याने आणलं. गॉर्डनच्या रंगीबेरंगी गाडीमुळे या क्रूला ‘रेनबो वॉरियर्स’ नाव पडलं. गॉर्डनने १९९५, १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदं जिंकली आणि बाकीच्यांनी मुकाट्याने नक्कल सुरू केली.

परिणाम दोन झाले. वेळ पंधरा सेकंदांवर आली, मग तेरा-चौदा. आणि मेकॅनिक हळूहळू भिंतीच्या अलीकडे राहिले. ज्याने गाडी बांधली त्याच्या हातातून शर्यतीतला तो एक मिनिटभराचा मान गेला. माझ्यातला रोमँटिक माणूस यावर हळहळतो. पण याच बदलामुळे नवीन लोकांना दारही उघडलं. ब्रिहाना डॅनियल्स ही नॉरफोक स्टेट विद्यापीठाची बास्केटबॉलपटू. नॅस्कारच्या कार्यक्रमातून ती टायर बदलायला शिकली आणि २०१८ मध्ये डेटोनाला सर्वोच्च मालिकेतल्या शर्यतीत पिटमध्ये उतरली, तिथे पोहोचलेली पहिली कृष्णवर्णीय महिला. जुन्या, गावकीच्या पद्धतीत हे झालं असतं असं मला वाटत नाही.

माणसांची संख्याही घटत गेली. आधी सात जण भिंत ओलांडायचे. त्यातला एक फक्त टाकीतून उसळणारं इंधन डब्यात धरायला असायचा. २०११ मध्ये नवा इंधनाचा कॅन आला, त्याचं काम संपलं, सहा उरले. २०१८ मध्ये पाच केले आणि सगळ्यांना एकसारख्या गन दिल्या, पाओली या इटालियन कंपनीच्या. (गुइडोसुद्धा इटालियनच, हा योगायोग मला फार आवडतो.) त्याआधी श्रीमंत संघ स्वतःच्या गन बनवण्यावर भरपूर पैसा ओतत होते.

दरम्यान एक लबाडीही होऊन गेली. २०१५ मध्ये पिट रोडवर माणसांऐवजी कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात झाली आणि पाचही नट घट्ट आहेत का, हे थांब्यावर तपासणं बंद झालं. मग काय, संघ चारच लावू लागले, कधी तीनही. एकेका नटामागे सेकंदाचा छोटासा तुकडा वाचायचा. एप्रिल २०१६ मध्ये टोनी स्टुअर्टने उघडपणे सांगितलं की कोणीतरी जखमी होणार आहे. नॅस्कारने त्याला ३५,००० डॉलर दंड ठोकला! आणि काही दिवसांतच पाचही नट घट्ट हवेत असा नियम केला. म्हणजे बोललास ते खरं, पण बोललास कशाला, असा प्रकार. दंड भरायची तयारी बाकीच्या ड्रायव्हरांनी दाखवली.

मग आलं २०२२. नवी गाडी, ‘नेक्स्ट जेन’. चाकाला पाच नटांऐवजी मधोमध एकच मोठा नट. जुन्या पद्धतीत चार चाकांचे सोडणं-आवळणं मिळून ४० वेळा गन लावावी लागायची, आता आठ वेळा. बारा-तेरा सेकंदांचा थांबा दहाच्या आत आला, चांगले क्रू नऊच्या आसपास, कधी त्याहीखाली. जुने टायर चेंजर नाराज झाले, आणि ते साहजिक होतं. साधारण एका सेकंदात पाच नट उडवण्याचं कसब कमवायला ज्यांनी वर्षं घातली, त्यांचं ते कसब एका मोसमात मोडीत निघालं. शिवाय एकच नट असल्याने तो नीट बसला नाही तर अख्खं चाकच निघून ट्रॅकवर पळायचं. पहिल्या वर्षी त्याची शिक्षा होती क्रू चीफ आणि दोन क्रू मेंबर चार शर्यती बाहेर. पुढे ती कमी केली.

आणि आता अडकलंय कुठे माहितीये? इंधनात. हिरव्या झेंड्याखालचा पूर्ण थांबा असेल तर चारही चाकं बसलेली असतात, जॅक खाली आलेला असतो, आणि चौघंही फ्युएलरच्या खांद्यावरच्या कॅनकडे बघत उभे असतात. इंधन आजही आपल्या वजनानेच खाली येतं, दाब द्यायला परवानगी नाही. म्हणून क्रू चीफ आता हिशेब मांडतात की टाकी पूर्ण भरायचीच नाही, पुढच्या पिवळ्या झेंड्यापर्यंत पुरेल एवढंच घ्यायचं आणि निघायचं. साठ वर्षं सगळे नट, जॅक आणि गनच्या मागे धावले, आणि फिरून त्याच नळीपाशी आले जी वूड ब्रदर्स १९६५ मध्ये इंडियानापोलिसला घासत बसले होते.