सक्ती नसती, तर हेल्मेट घातलं असतं का?

आजचा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर टाकून बघा, चहा गार होईपर्यंत वाद संपणार नाही. उद्या सकाळी हेल्मेटचा कायदा रद्द झाला, चौकात मामा नाहीत, कॅमेरा नाही, दंडाचा मेसेज नाही, तर किती लोक हेल्मेट घालून बाहेर पडतील?

बहुतेक जण म्हणतात, "मी तर घालेनच, बाकीच्यांचं सांगता येत नाही." गंमत म्हणजे बाकीचेही हेच म्हणतात. आता हा प्रश्न अंदाजावर सोडायची गरज नाही, कारण एका देशाने हा प्रयोग खरोखर करून पाहिलाय, आणि तोही एकदा नाही. सॉफ्टवेअरवाले ज्याला ए-बी टेस्ट म्हणतात ना, तशी टेस्ट आख्ख्या अमेरिकेवर झाली. पण त्याआधी पाच मिनिटं इंग्लंडमध्ये जाऊ.

१३ मे १९३५. डॉर्सेटमधल्या एका अरुंद रस्त्यावर टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला माणूस, त्याच्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून चालला होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. मूळचा ऑस्ट्रेलियन. केर्न्सच्या डोक्यात ही केस राहून गेली असावी. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआऊटमुळे रस्ते अंधारात, आणि लष्कराचे निरोप घेऊन धावणारे मोटरसायकलस्वार शत्रूच्या गोळीपेक्षा झाडांना आणि ट्रकांना धडकून मरायला लागले. १९४१ मध्ये केर्न्सने लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. त्याच्याकडे आलेल्यांत हेल्मेट घातलेले फक्त सात जण सापडले, आणि ते सातही जगले. सातच्या सॅम्पलवरून कोणी निष्कर्ष काढू नये, हे बरोबर. पण त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना ड्यूटीवर हेल्मेट सक्तीचं केलं.

बघा, पहिल्या मोठ्या सक्तीतच मेख आहे. सैनिकाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला घालायचंय का. साध्या नागरिकाला तसं सांगायला ब्रिटनला १९७३ उजाडलं.

आता अमेरिका. १९६६ मध्ये तिथे हायवे सेफ्टी ॲक्ट आला. केंद्र सरकारला राज्यांवर थेट हेल्मेटचा कायदा लादता येत नव्हता, म्हणून त्यांनी पैशाची वाट धरली. हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांच्या निधीतला काही भाग कापू. राज्यं भराभर लाईनीवर आली. १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सगळ्या वयाच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं होतं. बाहेर राहिलेल्यांत सगळ्यात मोठं होतं कॅलिफोर्निया, जिथे मोटरसायकली सगळ्यात जास्त आणि बायकर संघटना सगळ्यात आक्रमक.

विरोध तेव्हाच सुरू झाला होता. मिशिगनमध्ये १९६८ ला आणि इलिनॉयमध्ये १९६९ ला न्यायालयांनी हेल्मेटचे कायदे चक्क रद्द केले होते. मुद्दा साधा होता: डोकं माझं, फुटलं तर माझं, सरकारचा काय संबंध? मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्रीय न्यायालयाने १९७२ मध्ये उलट उत्तर दिलं. अपघात झाल्यावर तुला रस्त्यावरून उचलतं कोण, सरकारी दवाखान्यात नेतं कोण, नंतर नोकरी गेली तर पोसतं कोण? समाजच ना? मग समाजाला बोलायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. पण न्यायालयात हरलेल्यांनी राजकारणात बाजी मारली. 'ईझीरायडर्स' मासिकाच्या भोवती अबेट नावाची संघटना उभी राहिली, राज्याराज्यांत विधानसभेच्या पायऱ्यांवर हजारो गाड्या उभ्या राहायला लागल्या, आणि १९७६ मध्ये काँग्रेसने निधी कापायची तरतूदच काढून टाकली.

इथून प्रयोग सुरू होतो. त्याच गाड्या, तेच रस्ते, तीच माणसं, घरात आधीच विकत घेतलेलं हेल्मेट. बदललं फक्त एक: सक्ती गेली.

१९८० पर्यंत निम्म्याहून जास्त राज्यांनी कायदा रद्द केला किंवा फक्त लहान मुलांपुरता ठेवला. जिथे कायदा होता तिथे जवळजवळ शंभर टक्के लोक हेल्मेट घालत होते, जिथे गेला तिथे ते प्रमाण पन्नासच्या आसपास आलं. १९७६ मध्ये देशात सव्वातीन हजारांच्या आसपास मोटरसायकलस्वार मेले होते, १९८० मध्ये हा आकडा पाच हजारांवर गेला. गाड्याही वाढल्या होत्या, पण इतक्या नाही.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे: निम्मे. आणि ते पुन्हा पुन्हा तेच येतं. फ्लोरिडाने १ जुलै २००० पासून २१ वर्षांवरच्यांना सूट दिली, अट एवढीच की दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा हवा. आधी जवळपास सगळे हेल्मेट घालायचे, दोनच वर्षांत निम्म्यावर आले. १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत तिथे ५१५ मोटरसायकलस्वार गेले होते, २००१ ते २००३ मध्ये ९३३. यातला बराच भाग गाड्या वाढल्यामुळे आहे हे मान्य, पण नोंदणीच्या प्रमाणात पाहिलं तरी मृत्यू वाढलेलेच होते. आणि ज्यांना सूट नव्हतीच, त्या २१ वर्षांखालच्या मुलांनीही हेल्मेट काढून ठेवलं! कारण सरळ आहे. ताशी ६० मैलांनी जाणाऱ्या पोराचं वय पोलीस कसं ओळखणार?

उलटा प्रयोग कॅलिफोर्नियाने केला. इतकी वर्षं अडून बसलेल्या या राज्याने १ जानेवारी १९९२ ला कायदा आणला. निम्मे घालायचे ते एका झटक्यात ९९ टक्के झाले. १९९१ मध्ये ५२३ मृत्यू, १९९२ मध्ये ३२७. लुईझियानाची तर वेगळीच कथा: १९६८ ला कायदा, १९७६ ला रद्द, १९८२ ला परत, १९९९ ला पुन्हा रद्द, २००४ ला पुन्हा परत. आमच्या टीममध्ये कोणी एकच कोड इतक्या वेळा मागे-पुढे केला असता तर मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं असतं.

मला या आकड्यांत सगळ्यात जास्त खटकतं ते दुसरंच. निम्मे लोक हेल्मेट काढतात, हे कळलं. पण ते 'निवड' करतात का? की आजूबाजूला बघून काढतात?

यावर थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला होता, मोटरसायकलवर नाही, आईस हॉकीवर. (पुढे २००५ मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण या निबंधासाठी नाही.) १९६९ मध्ये टेडी ग्रीन नावाच्या नावाजलेल्या खेळाडूच्या डोक्याला भयानक मार लागला. तरीही खेळाडू हेल्मेट घालेनात. का? एकट्याने घातलं तर भित्रा दिसतो, शिवाय बाजूचं थोडं कमी दिसतं, म्हणजे समोरच्याला फायदा. पण सगळ्यांनाच घालावं लागलं तर कोणीच भित्रा नाही आणि कोणाचाच तोटा नाही. म्हणून शेलिंगचं म्हणणं असं की तोच खेळाडू मैदानात हेल्मेट घालणार नाही, आणि गुप्त मतदान घेतलं तर सक्तीच्या बाजूने मत देईल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पुढे एनएचएलने १९७९ पासून नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं आणि जुन्यांना हवं तर तसंच खेळायची मुभा दिली. शेवटचा बिनहेल्मेटचा खेळाडू, क्रेग मॅकटाव्हिश, १९९७ मध्ये निवृत्त झाला.

आता हे आपल्या कॉलेजच्या पार्किंगला लावून बघा. ग्रुपमधला एकच जण हेल्मेट घालून येतो, त्याला आपण काय म्हणतो?

मधेच एक जर्मन किस्सा सांगतो, कारण तो मला फार आवडतो. पश्चिम जर्मनीत हेल्मेटचा नियम आधी आला, पण दंड नव्हता. दंड लागला १९८० मध्ये. त्यानंतर मोटरसायकलींच्या चोऱ्या कोसळल्या! १९८० मध्ये दीड लाखाच्या आसपास, १९८६ पर्यंत साधारण ५५ हजार. चोर काही सुधारले नव्हते. रस्त्यात एखादी गाडी दिसली, उचलली, असं करणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसायचं, आणि बोडक्या डोक्याने निघाला की पहिल्याच चौकात पोलीस अडवायचे.

पण तुम्ही म्हणाल, अमेरिकेतले बायकर हौशी. रविवारी हार्ली काढून हायवेवर जाणारे. आपल्याकडे ॲक्टिव्हावर दूध आणायला जातात, उन्हाळ्यात ४० अंशांत. बरोबर आहे. म्हणून व्हिएतनाम बघू. तिथे गाडी म्हणजे मोटरसायकलच, ऊन आपल्यासारखंच, घाम आपल्यासारखाच. लोक हेल्मेटला चेष्टेने 'भाताचा कुकर' म्हणायचे. काही रस्त्यांपुरते नियम आधीपासून होते, कोणी विचारत नव्हतं. १५ डिसेंबर २००७ ला सगळ्या रस्त्यांवर, सगळ्यांना सक्ती झाली आणि दंड जबर वाढवला. रातोरात नव्वद टक्क्यांच्या वर लोक हेल्मेटमध्ये दिसायला लागले. फक्त एक भोक राहिलं: १४ वर्षांखालच्या मुलांसाठी दंडाची तरतूद नव्हती. त्यामुळे आईच्या डोक्यावर हेल्मेट, बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मध्ये बसलेलं पोर उघड्या डोक्याने, हे चित्र तिथे सर्रास दिसायचं. त्या आईबापांचं मुलावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल?

आता घरी परत. आपल्याकडे मोटर वाहन कायदा १९८८ चा, कलम १२९. म्हणजे कायदा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. तरी मराठीत या विषयाला एकच शब्द आहे: 'हेल्मेटसक्ती'. सीटबेल्टसक्ती असं कोणी म्हणत नाही, लायसन्ससक्ती तर नाहीच. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा निघालेले मोर्चे तुम्हाला आठवत असतील. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, शहरात तिशीच्या वर वेग जातो कुठे, आधी खड्डे बुजवा, आणि थिएटरमध्ये ते टोपलं ठेवायचं कुठे? मान आणि कान हे दोन मुद्दे अमेरिकन बायकरांनी शब्दशः तसेच मांडले होते. खड्ड्यांचा मुद्दा मात्र अस्सल आपला, आणि मला तो खराही वाटतो. फक्त खड्डा असेल तर हेल्मेट जास्त लागेल की कमी, एवढं सांगा.

विरोधकांना मी वेड्यात काढणार नाही. ब्रिटनमध्ये फ्रेड हिल नावाचे निवृत्त गणित शिक्षक होते. १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना सूट मिळाली तेव्हा त्यांनी विचारलं, मग मला का नाही? ते मुद्दाम साधी टोपी घालून गाडी चालवत राहिले, दंड भरला नाही, वारंवार तुरुंगात गेले आणि १९८४ मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, तुरुंगातच वारले. अशा माणसाची निवड ही खरी निवड होती. तिची किंमत त्याने ठरवली आणि त्यानेच मोजली.

पण आपल्याकडचा आकडा बघा. २०२२ मध्ये भारतात हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक दुचाकी अपघातांत गेले. त्यातले ३५,६९२ गाडी चालवणारे. उरलेले १४,३३७ मागे बसलेले: कोणाची आई, कोणाची बायको, कोणी स्टेशनपर्यंत लिफ्ट घेतलेला. नवी गाडी घेताना कंपनीने एक हेल्मेट द्यायचं असा नियम आहे. एक. ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर जातं, नाहीतर आरशाला लटकतं. मागच्या सीटवरच्याला सक्ती असताना कोणी विचारलं नाही, आणि सक्ती गेली तर कोण विचारणार आहे?