इतिहासाची साधने म्हणजे काय? केमच्या कुंकवाचे उदाहरण

महाराष्ट्रात इयत्ता नववीच्या इतिहासाचा पहिला धडा 'इतिहासाची साधने' हा आहे. लिखित, भौतिक, मौखिक ही नावे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

सोलापूर जिल्ह्यातील केम (ता. करमाळा) कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तिथे उत्तरेश्वर मंदिर हे भौतिक साधन, कुंकू व्यापाऱ्याची हिशेबवही लिखित, तर वृद्ध कारागिराची आठवण मौखिक. आठवण मात्र पडताळावी लागते. 'रेल्वे आली आणि कुंकू परगावी जाऊ लागले,' असे कोणी सांगितले, तर काय करायचे? पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० मध्ये पोहोचली. परगावच्या विक्रीची सर्वात जुनी नोंद त्याआधीची की नंतरची, हे वहीत शोधायचे. वही रद्दीत गेली असेल, तर पडताळणी तिथेच अडते.